हात पाठीमागे

जनगणनेच्या कामावर आलेली बाई सकाळी अकराला दारात उभी राहिली, तेव्हा सर्वांत जास्त आनंद सासूबाईंना झाला. आपण होऊन घरी यायचं, दिलेलं पाणी निमूट प्यायचं आणि वर आपल्याच घरची माहिती आपल्यालाच विचारायची, असा गुणी पाहुणा रोज थोडाच मिळतो! त्यांनी शिवणयंत्रावरचं कापड बाजूला केलं, खुर्ची पुढे ओढली आणि एकेका प्रश्नाची तीन-तीन उत्तरं द्यायला सुरुवात केली.

"घरात माणसं किती?"

"तीन. सुनेचा कॉम्प्युटर माणसांत धरत असाल तर चार. जेवत नाही एवढंच, बाकी या घराचं वेळापत्रक त्याच्याच तब्येतीवर चालतं."

"मुलगा काय करतो?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. अख्ख्या शहराला वर चढवतो आणि स्वतः तळमजल्यावर राहतो."

"आणि तुम्ही?"

"शिवण शिकवते. निवृत्त लिहू नका हं, अजून चार मुली येतात दुपारच्या."

"सूनबाई?"

सून नेमकी तेव्हाच पाण्याची बाटली भरायला आतल्या खोलीतून बाहेर आली होती. "मी? मी काही नाही करत. घरीच असते," ती म्हणाली आणि बाटली अर्धीच भरून परत आत गेली.

गणनेच्या बाईने व्यवसायाच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. सासूबाई त्या रेघेकडे बघतच राहिल्या.

मंडळी, अशी एखादी सून, भाची, शेजारीण तुमच्याही ओळखीत असेल. दिवसाचे आठ-दहा तास राबते आणि कुणी विचारलं की "काही नाही, घरीच" म्हणून मोकळी होते. आपण त्याला विनय समजतो आणि कौतुक करतो. पण तो दर वेळी विनय नसतो. कधीकधी ती लाज असते, आणि ती कसली हे विचारायला आपल्याला सवड नसते.

ही सून नेमकं करत काय होती? इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, वर्गात पहिली आलेली. दोन वर्षं एका कॉलेजात कंत्राटावर शिकवलं. कंत्राट संपलं तशी नोकरीही संपली. मग इंटरनेटवर एक कंपनी सापडली. घरबसल्या लेखन, वेळेचं बंधन नाही, पैसे दर महिन्याला खात्यात. आंधळा मागतो एक डोळा, असं वाटलं तिला तेव्हा. पहिल्या महिन्यात कळलं की लिहायचे ते निबंध, प्रकल्प आणि प्रबंध दूरदूरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांचे. लिहायचं हिने, नाव घालायचं त्यांनी. तेव्हा तिला थोडं खटकलं होतं. पण खटकण्याचं असं असतं की पहिल्या महिन्यात ते दाताखाली आलेल्या खड्यासारखं वाटतं, आणि वर्षभराने खड्यासकट जेवायची सवय होते. बघता बघता आठ वर्षं झाली.

कंपनीत लेखकांचे दोन वर्ग होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ते अ वर्गात. ज्यांची नाही, ते ब वर्गात. त्याच एका पानाला ब वर्गाला अ वर्गाच्या जेमतेम निम्मे पैसे. गंमत म्हणजे अ वर्गातल्या एका गृहस्थांनी लिहिलेले घोळ निस्तरायला हिच्याकडेच यायचे, ब वर्गाच्या दरात! वर कंपनीने तिला एक परकं, झुळझुळीत नाव बहाल केलं होतं. तिचं खरं नाव ऐकून म्हणे गिऱ्हाइकं बिचकली असती.

आणि हातचलाखी तर अशी की विचारू नका. निबंध फार चांगला झाला की शिक्षकांना संशय येतो. म्हणून तिने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक वही ठेवली होती. हा कुठे अडखळतो, ही कुठला शब्द सारखा वापरते, सगळं टिपलेलं. निबंध पूर्ण झाला की त्या वहीतून दोन-चार चुका काढून ती वरून पेरायची, भाजीत मीठ घालावं तशा, चवीपुरत्या. या कामात तिचा हात धरणारा कुणी नव्हता.

घरात मात्र तिने "कंपन्यांचे लेख लिहिते" एवढंच सांगून ठेवलं होतं. नवऱ्याला इंग्रजीचा धाक होता, त्यामुळे तो खोलात गेला नाही. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "छापून येतं का गं कुठे?" ती म्हणाली होती, "आमचं नाव नसतं, आई." सासूबाईंनी ते कंपनीचं कडक धोरण समजून सोडून दिलं होतं.

सासूबाईंबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यांची एक सवय पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. शिवण शिकवताना त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. मुलगी धागा ओवताना रडकुंडीला येवो, कापड उलटं लागो, सासूबाईंचे हात म्हणून पुढे यायचे नाहीत. तोंड मात्र अखंड चालू. नवी नवरी असताना सुनेने एकदा बटण लावायला घेतलं आणि पाच वेळा सुई टोचून घेतली. सासूबाई हात मागे बांधून शेजारी उभ्या! "सहाव्यांदा नाही टोचणार बघ," त्या म्हणाल्या होत्या, आणि खरोखरच टोचली नाही. सुनेला तेव्हा राग आला होता. मात्र त्यानंतर त्या घरातली सगळी बटणं तीच लावत आली.

गणनेची बाई येऊन गेली त्याच संध्याकाळी नवरा घाईघाईने घरात शिरला. पायांतले बूटही काढले नव्हते.

"अगं, ऐकलंस का! संशोधन संस्थेची लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकली होती. सुटा भाग येईपर्यंत तासभर उभा होतो तिथे. समोर सूचना फलक. करणार काय, वाचला सगळा." त्याने खिशातून कामाची चिठ्ठी काढली. मागच्या बाजूला त्याने वेड्यावाकड्या अक्षरांत अख्खी जाहिरात उतरवून आणली होती.

संस्थेला भाषा-संपादक हवा होता. तिथल्या डॉक्टरांचं संशोधन पक्कं, पण इंग्रजी कच्चं, म्हणून परदेशी नियतकालिकांतून लेख साभार परत येत होते. त्यांना मदत करणारं माणूस हवं. मातृभाषा इंग्रजी असलीच पाहिजे अशी अट नाही. लेखाखाली संपादकाचं नाव छापलं जाईल. दहा दिवसांत अर्ज करावा, सोबत स्वतःच्या नावाने लिहिलेले तीन नमुने जोडावेत.

"आठ वर्षं लिहितेस. तीन नमुने म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ!" नवरा म्हणाला.

सूनबाई चिठ्ठीकडे बघत राहिली. आठ वर्षांत पाच हजार पानं तरी लिहिली असतील. रसायनशास्त्रापासून नीतिशास्त्रापर्यंत एकही विषय सोडला नव्हता. (हो, नीतिशास्त्रावरही लिहिले होते, चांगले सात निबंध!) आणि स्वतःच्या नावाची एक ओळ नव्हती. दाखवायची म्हटली तर कंपनीच्या करारात मनाई, आणि मनाई नसती तरी दाखवणार कशी? ज्यांच्या नावावर ती पानं होती त्यांनी त्यावर पदव्या घेतल्या, कोण कुठे साहेब झाले. ही मात्र जिथल्या तिथेच राहिली.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. बूट काढा आधी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या समन्वयकाचा फोन आला. आवाजात साखर होती. "अभिनंदन मॅडम! तुम्हाला अ वर्गात घ्यायचं ठरतंय. तुमची भाषा आता इतकी साफ आहे की तुम्ही कुठल्या आहात ते ओळखूच येत नाही!" आठ वर्षं ती ज्या वाक्याची वाट बघत होती, ते हेच होतं. मग ते कानाला असं का लागलं, तिचं तिलाच समजेना. "फक्त एक शेवटचं काम," समन्वयक पुढे म्हणाला. "चौतीस नंबरचा अंतिम वर्षाचा प्रकल्प. आठ दिवसांत. तो उत्तम झाला की तुमची बढती पक्की."

चौतीस नंबर म्हणजे परिचारिकेचं शिक्षण घेणारी एक मुलगी. कुठल्याशा देशातून कुठल्याशा देशात शिकायला गेलेली. इंग्रजी तिचीही मातृभाषा नव्हती. नियमाप्रमाणे तिला हिचं खरं नाव ठाऊक नव्हतं आणि हिला तिचं. पण तीन वर्षं तिचे सगळे निबंध लिहून सुनेला तिचा लळा लागला होता. चौतीस नंबरला सर्दी झाली की हिला काळजी वाटायची.

या वेळचा विषय होता, 'रुग्णालयातला माझा एक अनुभव आणि त्यातून मी काय शिकले'. अनुभव तर उसना आणता येत नाही. म्हणून मुलीने टिपणं पाठवली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'माझी भाषा घाण आहे, माफ करा, तुम्ही छान करा.'

सूनबाई वाचू लागली. मोडकीतोडकी वाक्यं होती. मराठीत आणायची तर काहीशी अशी:

'खाट चार. म्हातारा माणूस. रोज तो म्हणे, जा. मी नाही जात. मी बसते. तो पाय धुवू देत नाही. मी त्याला माझ्या आईची शेळी सांगते, ती शेळी जी दार स्वतः उघडते. तो हसला. सहा दिवसांत पहिलं हसला. मग म्हणे, पाय धू. मी धुतले. दुसरा दिवस खाट रिकामी. मला सांगितलं, चादर बदल. मी बदलली. चांगली नाही बदलली. डोळ्यात पाणी, कोपरा दिसत नाही.'

सुनेने ते दोनदा वाचलं. मग नेहमीच्या सवयीने पहिलं वाक्य लिहायला घेतलं. 'वृद्ध रुग्णांशी संवाद साधताना विश्वासनिर्मितीचे महत्त्व...' आणि तिचा हात थांबला. वाक्य निर्दोष होतं. पण त्यात तो म्हातारा नव्हता, शेळी नव्हती, चादरीचा कोपराही नव्हता. तीन वर्षं आपण या पोरीला काय करून देत होतो? तिला जे सांगता येत होतं, तेच तर आपण खोडत होतो! सुनेला एकदम भरून आलं.

दुपारच्या मुली गेल्यावर सासूबाई चिंध्या गोळा करत होत्या. सून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. निबंध, खोटं नाव, चुकांच्या वह्या, अ वर्ग, तीन नमुने, चौतीस नंबर, काही मागे ठेवलं नाही. सासूबाई ओरडतील अशी तिची तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत. गोळा केलेल्या चिंध्या त्यांनी मांडीवर ठेवल्या.

"मी हात मागे का बांधते, कधी विचारलं नाहीस तू," त्या म्हणाल्या.

"सवय आहे तुमची."

"सवय नाही, शिक्षा आहे." सासूबाईंनी एक चिंधी बोटाला गुंडाळली. "माझ्या वर्गात एक मुलगी होती. गरीब, कष्टाळू. पण परीक्षा म्हटली की हात लटलट कापायचे. शिवणकामाच्या परीक्षेला एक कोट शिवून न्यायचा असायचा, कॉलर आणि बाह्यांसकट. तिची कॉलर काही बसेना. मला दया आली. मी तिच्या हातातून कापड घेतलं आणि कॉलर लावली. मग बाह्याही लावल्या. पास झाली पोरगी, पेढ्यासारखं गोड तोंड करून पाया पडली. प्रमाणपत्र चौकटीत लावून दुकान काढलं. पहिलंच मोठं काम आलं ते नवरीच्या पोशाखाचं. भारी कापड, मोजकंच आणलेलं. तिने कातर चालवली..."

"मग?"

"मग काय! बाही दोन बोटं आखूड. लग्न तोंडावर, जास्तीचं कापड नाही. नवरीची आई दुकानात येऊन काय काय बोलली असेल. पोरीने आठवड्यात दुकान बंद केलं, मशीन विकली. पुढे कितीतरी वर्षांनी मला बाजारात भेटली. रागावली असती तर बरं झालं असतं. हसून म्हणाली, बाई, तुम्ही मला पास केलंत, पण शिकवलं नाहीत."

सासूबाईंनी बोटाची चिंधी सोडवली.

"तेव्हापासून हात मागे. ते फार दयाळू आहेत मेले, आपण होऊन पुढे जातात. तू काही चोर नाहीस गं पोरी. तुझे पण हात दयाळू आहेत आणि वर पोटाची गरज. पण ती चौतीस नंबर उद्या कुणाच्या तरी खाटेजवळ उभी राहणार. तिथे तिला रात्रीचा अहवाल लिहायचाय, डॉक्टरांना समजावून सांगायचंय. तिथे तू असणार का चुका पेरायला?"

सुनेने मान खाली घातली.

"आणि दुसरी गोष्ट. त्या कंपनीने तुला निम्मे पैसे दिले, तो त्यांचा नालायकपणा. शिवण बघावी, शिंप्याचं गाव काय विचारायचं! पण भांडणार कशाच्या जोरावर? तू भांडायला उभी राहिलीस तर नाव कुठलं सांगशील? नाव तर तूच त्यांच्याकडे ठेवायला दिलंस."

हे मात्र वर्मी लागलं. सूनबाई उठली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. समन्वयकाला तिने चार ओळींत कळवलं की हे काम आपण करणार नाही, आणि यापुढचंही नाही. तासाभरात तिचं खातं बंद झालं. आठ वर्षांच्या नोकरीचा निरोपसमारंभ एका 'प्रवेश नाकारला'मध्ये आटोपला!

पण खातं बंद होण्याआधी तिने चौतीस नंबरला एक निरोप धाडला होता. 'हा अनुभव तूच लिही. मी लिहून देणार नाही, पण सोबत बसेन. पैसे नकोत. कंपनीकडून तुझे परत माग.' आणि खाली, आठ वर्षांत पहिल्यांदा, स्वतःचा ईमेल पत्ता आणि स्वतःचं खरं नाव लिहिलं होतं.

उत्तर आलं ते धगधगीत. 'आठ दिवस राहिले! तीन वर्षं तुम्ही हात धरला आणि आता पाण्याच्या मधोमध सोडता? मी नापास झाले तर मला घरी परत पाठवतील!'

सुनेने ते सासूबाईंना वाचून दाखवलं. "बरोबर बोलतेय ती, आई. सवय मीच लावली. आता मी साधू झाले आणि बुडणार ती!"

"मग सोडू नकोस ना," सासूबाई म्हणाल्या. "हात सोड. माणूस कशाला सोडतेस?"

मग सुरू झाले ते आठ दिवस. मुलगी रोज एक पान लिहून पाठवायची. सून ते पडद्यावर उघडायची आणि खुर्चीत मागे रेलून दोन्ही हात पाठीमागे बांधायची. खरं सांगते, हसू येईल असं दृश्य होतं ते! बोटं शिवशिवायची. इथे एक शब्द बदलला की झालं, असं दर ओळीला वाटायचं. दारातून सासूबाई नजर ठेवून असायच्या. "हात!" त्या ओरडायच्या, आणि कळफलकाकडे निघालेला हात परत मागे जायचा. मग सून नुसते प्रश्न लिहून पाठवायची. म्हातारा 'जा' म्हणाला तेव्हा तू का नाही गेलीस? शेळीची गोष्ट तुला तेव्हाच का आठवली? हे वाक्य मला कळलं नाही, दुसऱ्या शब्दांत सांगशील?

पहिले दोन दिवस मुलगी चिडून लिहीत होती. तिसऱ्या दिवशी तिचं पान दुप्पट लांब आलं. चौथ्या दिवशी पानाच्या खाली एक ओळ होती. 'तीन वर्षांनी तुमचं नाव कळलं. पण मला ते म्हणता येत नाही. कसं म्हणायचं?' सूनबाईने आपलं नाव सावकाश म्हणून, ध्वनिमुद्रित करून पाठवलं. थोड्या वेळाने उलट ध्वनिफीत आली. दूरदेशीची एक मुलगी ते नाव घोकत होती. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. सून ते ऐकत बसली आणि तिचे डोळे वाहू लागले. आठ वर्षांत कामाच्या निमित्ताने तिला तिच्या नावाने हाक मारणारं हे पहिलं माणूस होतं.

तिकडे अर्जाची मुदत जवळ येत होती आणि तीन नमुने अजून कोरेच होते. दुसऱ्यांच्या तोंडून घडाघडा बोलणाऱ्या बाईला स्वतःच्या तोंडून एक वाक्य सुचेना! 'मी' लिहून ती तासभर नुसती बघत बसायची. शेवटी घरच्यांनीच हात दिला, अर्थात हात न लावता.

नवरा म्हणाला, "आमच्या लिफ्टमध्ये लावायला इंग्रजी सूचना नाहीत. लोक अडकले की दार बडवतात आणि दार बिघडवतात. मी सांगतो, तू लिही." त्याने अशा पोटतिडकीने सांगितलं की तो पहिला नमुना झाला. 'अडकलात तर घाबरू नका, दार तुमचा शत्रू नाही,' असा त्याचा प्रारंभ होता. दुसरा नमुना सासूबाईंनी दिला. "माझी कॉलरची गोष्ट लिही. मी मेल्यावर कुणाला कळणार?" तिसरा सुनेने एकटीने लिहिला. 'आठ वर्षं मी काय केलं' हे त्याचं नाव. तो तिने पाकिटात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. अखेर पाकीट चिकटवून नवऱ्याच्या हाती दिलं आणि म्हणाली, "माझा विचार बदलायच्या आत लिफ्टने वर जा!"

मुलाखतीला बोलावणं आलं. लांबलचक टेबल, पलीकडे तिघं. मधोमध संस्थेच्या प्रमुख बाई, एका बाजूला जाड चष्म्याचे एक डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कार्यालयाचे गृहस्थ. प्रमुख बाईंच्या पुढ्यात तिन्ही नमुने होते.

"त्या नवरीचं पुढे काय झालं हो?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मैत्रिणीचा पोशाख घालून लग्न लागलं म्हणे," सून म्हणाली. तिघंही हसले.

पण जाड चष्म्याच्या डॉक्टरांनी तिसरा नमुना उचलला. "हे तुम्ही स्वतःहून लिहून दिलंत. ही सरळसरळ फसवणूक आहे. आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

हीच ती वेळ होती. 'परिस्थिती' म्हणता आलं असतं, 'पोटासाठी' म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण सूनबाई म्हणाली, "फसवणूकच होती, डॉक्टर. कॉलेजांची झाली, ज्यांना मी लिहून दिलं त्यांच्या हाताखाली पुढे येणाऱ्या रुग्णांची झाली, आणि सगळ्यांत जास्त त्या मुलामुलींची झाली. त्यांना वाटलं आपल्याला लिहिता येत नाही. ते मी खरं करून ठेवलं. विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. मला शेजारी बसवून बघा. तुमचा लेख मी लिहून देणार नाही. तुम्हाला लिहायला लावीन."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "माझे चार लेख परत आलेत," ते जरा ओशाळून म्हणाले. "पाचवा मी एका कंपनीकडून लिहून घेण्याच्या विचारात होतो."

प्रमुख बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा घाईने परत घातला.

पूर्ण जागा तिला मिळाली नाही. आठ वर्षांचा कोरा रकाना एका दिवसात कसा भरेल? सहा महिन्यांसाठी, अर्ध्या वेळेचं काम मिळालं, चाचणी म्हणून. पैसे अ वर्गाहून पुष्कळ कमी होते. पण तिथल्या दरपत्रकात मातृभाषेचा रकानाच नव्हता. पहिल्या आठवड्यात ती जाड चष्म्याच्या डॉक्टरांशेजारी बसली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही हात असे मागे का बांधता?"

"आमच्या घराण्याची पद्धत आहे," ती म्हणाली.

चौतीस नंबर पास झाली. काठावर. तिचा निरोप आला, 'गुण कमी. पण परीक्षकांनी खाट चारबद्दल विचारलं आणि मी उत्तर देऊ शकले. आता मी माझे जुने सगळे निबंध वाचत आहे, जे माझ्या नावावर आहेत. काही कळत नाहीत. तुम्ही शिकवाल?' सासूबाईंनी हे ऐकलं आणि फर्मान सोडलं, "दुपारी मुली येतात तेव्हाच बसव तिला पण. एक खुर्ची रिकामीच असते."

वाचकहो, आपण सगळेच कुणाचं ना कुणाचं काम हातातून काढून घेत असतो. मुलाचा प्रकल्प आपण करतो, भावाचा अर्ज आपण लिहितो, आणि त्याला माया म्हणतो. काही जण पैसे घेऊन करतात, त्याला धंदा म्हणतात. दोन्हींत एक माणूस शिकायचा राहून जातो आणि दुसऱ्याचं नाव पुसलं जातं. मदत करा, जरूर करा! पण हात त्याचे चालू द्या. आणि तुमच्या भाषेचं गाव विचारून कुणी तुमचं मोल ठरवत असेल, तर आधी आपलं नाव आपल्या कामावर घाला. मग ताठ मानेने भांडा.

त्यानंतर महिन्याभराने गणनेची बाई पुन्हा दारात उभी राहिली. पडताळणीसाठी आली होती. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली, पण या वेळी उत्तरं द्यायला त्या बसल्या नाहीत. त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, तुझा रकाना आहे गं!"

सून बाहेर आली. "लेखन आणि भाषा-संपादन," ती म्हणाली. "आणि थोडं शिकवणं."

"मागे रेघ मारली होती आपण," बाई म्हणाली. "ती खोडून वर लिहायचं तर शेजारी तुमची सही लागेल. पूर्ण नाव."

सूनबाईने पेन घेतलं. ती कागदावर वाकली आणि आपलं नाव लिहू लागली, सावकाश, एकेक अक्षर. कागद वाऱ्याने जरासा हलला. तो धरायला सासूबाईंचा हात चटकन पुढे आला, आणि तितक्याच चटकन त्यांनी तो मागे घेतला, पाठीमागे दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला आणि सही पूर्ण होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या.